आगीसाठी राखलेलं पाणी

आजच्या या समारंभाचे आणि आपल्या सायली परिसर उद्योग पाणी संघाचेही अध्यक्ष, आदरणीय सारंग वैद्य साहेब. येत्या एक तारखेपासून आपल्या पाण्याची जबाबदारी जी कंपनी घेणार आहे, तिच्या वतीने खास मुंबईहून आलेल्या मानसी मॅडम. ज्यांच्या निरोपासाठी आपण इथे जमलो ते आपले पाणीपुरवठा अभियंता अशोक खैरनार आणि त्यांच्याबरोबर व्यासपीठावर प्रथमच बसलेल्या, म्हणून थोड्या अवघडलेल्या आमच्या जयावहिनी. संघाचे सर्व सभासद, कारखान्यांतले सहकारी, सायली आणि खडोलीची ग्रामस्थ मंडळी, आणि दाराशी उभ्या असलेल्या चाळीतल्या माझ्या आयाबहिणींनो, सर्वांना माझा नमस्कार.

दाराशी उभ्या आहेत त्यांनी कृपा करून पुढे यावं. पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखल्या होत्या, पण आता कोणी येईल असं दिसत नाही. कोंडाबाई, या. अशा संकोचू नका, खुर्च्या भाड्याच्या आहेत, कोणाच्या बापाच्या नाहीत. हां, बसा. सोनीला मांडीवर घ्या म्हणजे तिला दिसेल.

मला संघाची सचिव म्हणून चार गोड शब्द बोलायला सांगितलं आहे. त्यानंतर शाल, श्रीफळ, खैरनार साहेबांचं मनोगत, मग नव्या कंपनीबरोबरच्या करारावर अध्यक्षांची आणि माझी सही, आणि मग जेवण, असा क्रम आहे. गोड बोलणं मला जमत नाही हे अध्यक्षांना ठाऊक आहे, कारण मी त्यांच्याच कारखान्यात नोकरी करते. तरीही त्यांनी मला उभं केलं, हा त्यांचा मोठेपणा म्हणायचा की दुर्लक्ष, ते आता थोड्या वेळात ठरेल.

निमंत्रण पत्रिकेवर ‘सेवापूर्ती’ असं छापलं आहे. आता तुम्ही म्हणाल, छापलं तर छापलं, त्यात काय एवढं? पण खैरनार साहेबांचं वय अजून निवृत्तीचं नाही. त्यांचे केस आहेत, दात आहेत, आणि राग तर आहेच आहे. त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही, हे या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. मी बोलते. त्यांना ठेवून घ्यावं म्हणून मी कार्यकारिणीत भांडले आणि हरले. ज्या दिवशी हरले त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं आहे. वहिनी, हे तुमच्यासमोर सांगायचं राहून गेलं होतं.

खैरनार साहेब मूळचे मालेगावचे. मी नाशिकची. आमची पहिली ओळख भांडणातूनच झाली. मी रंगाईच्या खात्यातून फोन केला की पाण्याचा दाब कमी आहे, लॉट मध्येच थांबला तर सगळा माल डागाळेल. तिकडून उत्तर आलं, ‘मॅडम, तुमचा लॉट डागाळला तर शेठ ओरडतील. गावाची लाइन बंद केली तर बाया ओरडतील. मला दोन्हीकडून ओरडा खायचाच आहे, तेव्हा जरा थांबा.’ आणि फोन ठेवून दिला! मी त्या दिवशी चरफडले. पण पाणी आलं, आणि सांगितलेल्या वेळेलाच आलं.

आता तुम्हाला गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगते. बऱ्याच जणांनी ती ऐकली आहे, पण प्रत्येकाने वेगवेगळी ऐकली आहे. मी तिथे होते. मानसी मॅडमनी तर ती मुळीच ऐकली नसेल, म्हणून त्यांच्यासाठी जरा सविस्तर.

मॅडम, इथे येताना उजव्या हाताला टेकडीवर एक मोठी टाकी तुम्ही पाहिली असेल. ती संघाची. कालव्याचं पाणी तिच्यात चढतं, तिथून कारखान्यांना जातं, आणि एक लाइन खाली चाळीला जाते. ही चाळीची लाइन कोणत्याच नकाशात नाही. ती खैरनार साहेबांनी टाकली, आणि संघाने कधी हो म्हटलं नाही, कधी नाहीही म्हटलं नाही. टाकीचा तळाचा भाग मात्र वेगळा आहे. रोजच्या पाण्याचे पाइप त्याच्या वरून निघतात. तळातलं पाणी फक्त आगीसाठी. त्याचा व्हॉल्व्ह वेगळा, चाक वेगळं. इथे सगळे त्याला ‘आगीचं पाणी’ म्हणतात. इकडे सुताची गोदामं आहेत, प्लास्टिकचे दाणे आहेत, तेलाच्या भट्ट्या आहेत. आग लागली की काय होतं ते इथल्या लोकांनी पाहिलेलं आहे. तेव्हा त्या पाण्याला हात लावायचा नाही, हा नियम काही कोणी खुळेपणाने केलेला नाही.

तर गेल्या मेमध्ये कालव्याची दुरुस्ती निघाली. कालवा बंद. टाकीत होतं तेवढ्यावर भागवायचं. कारखान्यांना आपापल्या बोअर होत्या. चाळीला काही नव्हतं. खैरनार साहेबांनी ठरवलं की टाकीतलं वरचं पाणी चाळीसाठी थोडं थोडं पुरवायचं आणि कारखान्यांनी बोअरवर चालवायचं. ठीक चाललं होतं. पाणी रोज पहाटे सुटायचं.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. चाळीत नळ कोणी बंद करत नाही. निष्काळजीपणा म्हणून नव्हे. नळाखाली रिकामा हंडा लावून ठेवायचा आणि नळ उघडा सोडायचा, ही तिथली रीत आहे. बारा बारा तासांच्या पाळ्या करून आलेली माणसं, घड्याळ लावून जागी होत नाहीत. पण रिकाम्या हंड्यात पाणी पडायला लागलं की त्या आवाजाने अख्खी चाळ उठते. धुळे, नंदुरबार, शहादा, जिथून जिथून माणसं आली, तिथून ही सवय घेऊन आली. तिकडेही पाणी असंच येतं, न सांगता.

एके दिवशी पहाटे चाळीच्या व्हॉल्व्हच्या मोटरची वीज गेली. ती आली दुपारी. खैरनार साहेबांना वाटलं, बाया खोळंबल्या असतील, म्हणून त्यांनी दुपारीच लाइन उघडायला सांगितली आणि चाळीच्या मालकाला फोन करून कळवलं. चाळीचे मालक वापीला राहतात. त्यांनी ‘बरं बरं’ म्हटलं आणि ते झोपले असावेत. चाळीत कोण होतं? दिवसपाळीचे पुरुष कारखान्यात. बाया पॅकिंगला. रातपाळीचे लोक दारं लावून, पंखे लावून गाढ झोपलेले. नळ सगळे उघडे. हंडे भरले, वाहिले, गटार भरलं, रस्ता भरला.

आमचा व्हॉल्व्हवरचा ललित लहानाचा मोठा सिल्वासातच झाला, त्यामुळे त्याच्या एका वाक्यात तीन भाषा असतात. त्याचा मला फोन आला, ‘मॅडम, लेव्हल तो एकदम उतरी गई! चाळमध्ये सगळे नळ चालू, अने कोई माणूसच नथी!’ मी म्हटलं, अरे, मग बंद कर! तो म्हणाला, ‘बंद तो कर दिया, पण आता खाली फक्त आगीवालं राहिलं.’

त्या दिवसापासून एक वाक्य आपल्या संघात फार जोरात फिरलं. तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. ‘या लोकांना पाण्याची किंमत नाही.’ खैरनार साहेबांनी बैठकीत सांगितलं की चूक माझी, वेळ मी बदलली. इकडे चाळीतल्या बाया म्हणत होत्या, चूक आमची, नळ आम्ही उघडे ठेवले. आपलीच चूक म्हणून दोन बाजूंनी भांडण झालेलं मी तरी आयुष्यात एकदाच पाहिलं. आणि मधे बसलेले आपण सगळे मात्र अगदी निर्दोष होतो.

मग चाळीला पाणी येईना. टँकर मागवले तर ते आधी कारखान्यांत वळायचे. लोक खडोलीकडच्या जुन्या खदानीतलं पाणी आणू लागले. हिरवं पाणी. उकळायला गॅस पुरत नाही. व्हायचं तेच झालं. पोरांना जुलाब सुरू झाले आणि त्यात कोंडाबाईंची नात, ही समोर बसली आहे ना, सोनी, तिला दवाखान्यात सलाइनवर ठेवावं लागलं.

आता जरा थांबते. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेलं मी पाहिलं. पण साहेब, निरोप द्यायचा तर माणूस नेमका कशासाठी चालला आहे, हे सांगितल्याशिवाय कसा द्यायचा?

आपण फार मोठमोठ्या सभांना जातो. त्यात देशाच्या पाण्याचं नियोजन, असे विषय असतात. पडद्यावर रंगीत गोल दाखवतात, शेतीला इतकं, उद्योगाला इतकं, घरगुती इतकं. मी प्रत्येक वेळी त्या गोलात चाळ शोधते. सापडत नाही. आपला देश शेतातून कारखान्यात निघाला आहे. चांगली गोष्ट आहे. निघायलाच हवं. इथे एके काळी फक्त जंगल आणि वारली, कोकणा आदिवासींचे पाडे होते. मग करांची सवलत आली, कारखाने आले, आम्ही नाशिक-पुण्याचे आलो, मागोमाग खानदेशातून माणसं आली. सवलत संपली, काही कारखाने गेले, नवे आले. माणसं इथेच राहिली. पण कोंडाबाईंचं पाणी कुठे धरलं आहे? त्यांच्या शहाद्याकडच्या गावात. तिथे त्या राहत नाहीत. इथल्या गावच्या हिशेबात त्या नाहीत, कारण त्या गावच्या नाहीत. कारखान्याच्या हिशेबात नाहीत, कारण त्या ठेकेदाराच्या आहेत. म्हणजे ज्या माणसांच्या जोरावर आपण बदललो म्हणतो, तीच माणसं कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. मला या गोष्टीचा संताप येतो. सभेत असा संताप करू नये म्हणतात, पण येतो त्याला काय करू?

असो. सोनीला दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते. मला खैरनार साहेबांचा फोन आला. ‘मॅडम, टाकीवर या. मी आगीचा व्हॉल्व्ह उघडतोय. मला तुमची परवानगी नकोय, साक्षीदार पाहिजे.’

मी पोचले तेव्हा टाकीच्या फाटकाशी बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. आरडाओरडा नाही. तो असता तर बरं वाटलं असतं. कोंडाबाई पुढे होत्या. दवाखान्यातून तशाच आलेल्या. त्या विचारत होत्या, ‘सायेब, टाकीमा पानी शे का नही, तेवढंच सांगा.’

खोटं बोलणं फार सोपं होतं. झाकण कोण उघडून बघणार होतं? पण खैरनार साहेब त्यांच्याच बोलीत म्हणाले, ‘शे, मावशी. पन ते आगनं पानी शे.’

कोंडाबाई म्हणाल्या, ‘आग लागी का नही, ते देवले मालूम. मनी सोनी दवाखानामा शे, हाई माले मालूम.’

ज्यांना ही बोली कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, ‘शे’ म्हणजे आहे. आग लागेल की नाही ते देवाला माहीत, माझी सोनी दवाखान्यात आहे हे मला माहीत. मानसी मॅडम, मी इतक्या वर्षांत पाण्यावरची पुष्कळ भाषणं ऐकली, त्यांतलं मला आज एवढंच आठवतं.

तर त्यांनी व्हॉल्व्ह उघडला. पण त्याआधी एक काम केलं, आणि त्याच कामापायी आज त्यांना जावं लागतं आहे. त्यांनी संघाच्या सगळ्या कारखान्यांना फोनवर संदेश पाठवला. शब्द मला पाठ आहेत. ‘टाकीतलं आगीचं पाणी पिण्यासाठी सोडत आहे. परत भरेपर्यंत आपल्या वसाहतीत आग विझवायला पाणी नाही. यंत्रं चालवायची तर आपल्या जबाबदारीवर चालवावीत. आपला, अ. खैरनार.’

पुढे काय झालं ते कारखानदार मंडळींना सांगायला नको. आगीचं पाणी नाही म्हणजे विमा नाही. विमा नाही म्हणजे सुरक्षा अधिकारी सही करणार नाही. एकेका कारखान्याचा आवाज थांबत गेला. टेकडीवरून ते ऐकू येत होतं. आधी इकडचा, मग तिकडचा. इतकी शांतता मी सायलीत कधी अनुभवली नव्हती, आणि खरं सांगते, मला भीती वाटत होती. कारण खैरनार साहेबांनी लिहिलं होतं ते अक्षरशः खरं होतं. मेचं ऊन, गोदामांत सूत ठासून भरलेलं, आणि खाली हंडे भरले जात होते तसतसं आमच्याजवळ काही उरत नव्हतं. ठिणगी पडली असती तर? ललित टाकीवर चढून चारी दिशांना बघत होता. मी खैरनार साहेबांना म्हटलं, तुम्ही फार मोठा जुगार खेळताय. ते म्हणाले, ‘मॅडम, जुगार रोजच चालू होता. फक्त डावावर एकटी चाळ लावलेली होती.’

मग मोटारी आल्या. पहिली मोटार कोणाची होती, ते मी सांगत नाही. मोटारीतून उतरून ते काय बोलले, तेही सांगत नाही, कारण हा निरोप समारंभ आहे आणि समोर लहान मुलं आहेत. हसा, साहेब, तुम्हीही हसा. तुमचा राग खोटा नव्हता. लॉट यंत्रात अडकले होते, माल बंदरावर जायचा होता. खैरनार साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, ‘टाकी परत भरायला माझी काहीच हरकत नाही. पाणी तुमच्या बोअरमध्ये आहे. आणा आणि ओता.’

बस्स, एवढंच! दवाखान्यात पोर असताना ज्या बोअरमधून चाळीसाठी एक कळशी निघाली नव्हती, त्यांचं पाणी यंत्रं थांबल्यावर टाकीकडे निघालं. पण पाणी चढायला वेळ लागतो. आणि त्या मधल्या वेळात ललित वरून ओरडला, ‘धुमाडो! मॅडम, धुमाडो!’

खडोलीच्या बाजूला एका गोदामाच्या मागून काळा धूर निघत होता. कोणीतरी कचरा पेटवून दिला होता, प्लास्टिकचा, आणि तो वाऱ्याने भिंतीकडे सरकत होता. भिंतीला लागून खिडकी, खिडकीच्या आत सूत. आम्ही सगळे धावलो. मी, खैरनार साहेब, मोटारवाले, सगळे. वाळूच्या बादल्या होत्या, पण त्या लांबच्या खांबाला टांगलेल्या. आणि आमच्या आधी तिथे कोण पोचलं? चाळ त्या गोदामाला लागूनच आहे. नुकतेच भरलेले हंडे घेऊन चाललेल्या बाया तिथे पोचल्या. कोंडाबाईंनी डोक्यावरचा हंडा उतरवला आणि आगीवर ओतला. मग दुसरीने. मग तिसरीने. आठवड्याभराने मिळालेलं पाणी होतं ते. वाळू येईपर्यंत त्यांनी आग भिंतीला लागू दिली नाही.

ते गोदाम कोणाचं होतं, हे मी सांगत नाही, अध्यक्ष महाराज.

आणि आग विझल्यावर कोंडाबाई रिकामा हंडा घेऊन परत टेकडी चढल्या आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना पुढे या असं कोणी म्हटलं नाही. मीही नाही. माझ्या हे लक्षातच आलं नाही, इतकी मी धुराने खोकत होते. त्यांना पाणी मिळालं ते उन्हं कलताना.

त्यानंतर एक पद्धत सुरू झाली. ‘पहिली पाळी टाकीची.’ रोज सकाळी प्रत्येक बोअर चालू झाली की पहिलं पाणी टाकीला जाणार, मग कारखान्याला. टाकी आगीच्या खुणेच्या वर राहणार, वरचं चाळीला जाणार. कालवा सुरू झाल्यावरही खैरनार साहेबांनी ही पाळी मोडू दिली नाही. नळ उघडे ठेवायची रीतही त्यांनी मोडली नाही. त्याऐवजी पाणी सोडण्याआधी टाकीवरचा भोंगा वाजवायला ललितला बसवलं. वर्ष होत आलं. चाळीतलं एकही पोर पाण्यामुळे दवाखान्यात गेलेलं नाही. एकाही कारखान्याचा लॉट पाण्यावाचून अडलेला नाही. आणि कार्यकारिणीने खैरनार साहेबांवर ठपका ठेवला, की त्यांनी सभासदांचा विमा धोक्यात घातला. ठपका नियमाप्रमाणे बरोबर आहे. मी तो वाचून पाहिला आहे, त्यात एकही वाक्य खोटं नाही. फक्त त्यात सोनी कुठेच नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, वेळ संपली म्हणून. साहेब, दोनच मिनिटं. आता शेवटचं आणि खरं तर एवढंच बोलायचं होतं.

आज जो करार व्हायचा आहे तो मी पूर्ण वाचला आहे. चांगला करार आहे. मानसी मॅडम, मनापासून सांगते, तुमच्या लोकांनी गळती शोधली, मीटरचं नियोजन केलं, सांडपाणी शुद्ध करून परत वापरायची योजना दिली, जी आम्हाला इतक्या वर्षांत जमली नव्हती. ते सगळं हवं आहे. पण त्यात ग्राहक म्हणजे कोण? ज्याला प्लॉट नंबर आहे तो. चाळीला प्लॉट नंबर नाही. म्हणजे एक तारखेला तुमचा माणूस नियमाप्रमाणे ती लाइन बंद करेल, आणि त्याचं काही चुकणार नाही. पहिल्या पाळीचा तर करारात उल्लेखच नाही. पुढे एप्रिल आहे, त्यापुढे मे आहे. खैरनार साहेब नसतील. मग पुढच्या वेळी फाटकाशी हंडे आले की ‘पाणी आहे का’ या प्रश्नाचं उत्तर कोण देणार? आणि कोणत्या बोलीत?

म्हणून मी दोन कलमं मागितली होती. चाळीची लाइन ग्राहक म्हणून धरावी, प्लॉट नंबर असो वा नसो. आणि पहिली पाळी टाकीची. काल संध्याकाळपर्यंत मला सांगण्यात आलं की आधी सही करा, मग बघू.

काय म्हणालात, मॅडम? मोठ्याने सांगा, माइक देते. बरं. मॅडम म्हणतात, कलमं घालता येतील, पण त्यांना मुंबईला विचारावं लागेल. जरूर विचारा. मोबाइलची रेंज बाहेर व्हरांड्यात चांगली मिळते. आणि अध्यक्ष साहेब, तुमच्याकडूनही मला या सभेसमोर फक्त हो किंवा नाही हवं आहे. तुम्ही हो म्हणाल असं मला अजूनही वाटतं. त्या धुरात तुम्ही माझ्या शेजारीच उभे होतात, आणि एकेक हंडा आगीवर रिकामा होताना तुम्हीही पाहिला आहे.

खैरनार साहेब, तुम्ही मला सकाळी म्हणालात, माझ्याबद्दल फार बोलू नका. नाही बोलले. तुमची नोकरी मी वाचवू शकले नाही. तुमची लाइन वाचते का, ते पाहते. तुम्ही आणि वहिनी मालेगावला सुखाने राहा. तिथल्या नगरपालिकेशी मात्र जरा जपून भांडा, तब्येत सांभाळून.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, काहींनी रागानेही ऐकलंत, त्या सर्वांची मी ऋणी आहे. मंडपवाल्यांचे, ध्वनिवर्धकवाल्यांचे, स्वयंपाक सांभाळणाऱ्या भगिनींचे आभार. माझ्या बोलण्यात कोणाचा अवमान झाला असेल, मर्यादा ओलांडली गेली असेल, वेळ तर ओलांडलीच आहे, तर लहान बहीण समजून पोटात घाला. साहेब, उद्या मला कामावर घ्यायचं की नाही, तेही तुम्ही ठरवा, मी वाईट वाटून घेणार नाही.

करारावर मात्र ती दोन कलमं येईपर्यंत माझी सही होणार नाही, आणि त्याबद्दल मी कोणाची क्षमा मागत नाही. नमस्कार.